पाच नंबरची लाइन

"डुलकी लागली होती, एवढं लिहून दे," मॅनेजर साहेब म्हणाले. "नाहीतर चौकशी लावतो. मग काय होईल ते होईल."

शेषराव टेबलापुढं उभा होता. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मी दाराशी उभा, कारण घंटेची वायरिंग माझी होती.

"झोपलो न्हवतो साहेब. भट्टीपाशीच होतो. घंटा वाजली अन् पळालो. पंप चालू करूस्तोवर पाइप फुटला."

"पंप बंद पडला की घंटा लगेच वाजते. पाइप फुटायला अर्धा मिनिट तरी लागतो. पंप तुझ्यापासून वीस पावलांवर. अर्धा मिनिट काय करत होतास?"

शेषराव माझ्याकडं वळला. "आप्पा, तुम्ही सांगा. घंटा उशिरा वाजू शकती का न्हाई?"

मी म्हणालो, "माझी वायरिंग बराबर आहे. इतकी वर्षं झाली, माझ्या वायरिंगकडं कुणी बोट दाखवलेलं नाही."

हे खरं होतं. वायरिंग बराबरच होती. शेषरावनं कागदावर सही केली आणि त्याची नोकरी गेली.

आता हे नीट सांगतो. मी धावडा गावचा, चौथी पास. जालन्याला एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. रोलिंग मिल म्हणजे लोखंड भट्टीत लाल करून त्याच्या सळ्या ओढायचा कारखाना. भट्टीच्या आत पाइप असतात. त्यांतून सारखं पाणी फिरतं, म्हणून ते टिकतात. पाणी थांबलं की पाइप फुटतो आणि वाफ बाहेर येते. त्यासाठी दोन पंप. एक बंद पडला तर घंटा वाजायची आणि शेषरावनं पळत जाऊन दुसरा चालू करायचा. हे त्याचं काम.

आधी घंटा सरळ स्विचवर होती. दोन हजार सालच्या आसपास मालकाला सगळं कॉम्प्युटरवर पाहिजे झालं. कोणता पंप कधी बंद पडला याची नोंद राहील म्हणे. औरंगाबादहून शेख मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण काम पक्कं. त्यांनी लिनक्स नावाची सिस्टीम टाकली. पंपाची वायर एका कार्डाला, कार्ड कॉम्प्युटरमध्ये आणि तिथून घंटा.

मॅडमनी मला समजावलं होतं. सिस्टीमच्या पोटात कर्नल नावाचा भाग असतो. तो मुकादम समजा. त्याला शंभर कामं. पंप बंद पडला की कार्ड त्याला हाक मारतं, त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. मुकादम हातातलं काम टाकून आधी तिकडं बघतो. प्रत्येक कार्डाला हाक मारायला वेगळी लाइन आणि लाइनला नंबर. आपल्या कार्डाचा नंबर पाच. कार्डावर पिना असतात. ज्या नंबरच्या पिनेवर इवलीशी टोपी चढवली, ती त्याची लाइन.

मी मान हलवली. समजलं होतं तेवढं समजलं होतं.

पुढं दोन महिन्यांनी साहेबांना आकडे केबिनमध्ये बसून बघायचे होते. नेटवर्कचं कार्ड आलं. सोबत इंग्रजी कागद. साहेब म्हणाले, मॅडमला फोन करा. मी म्हणालो, कार्ड खोचायला औरंगाबादचा माणूस कशाला पाहिजे? आमच्या धंद्यात एक रीत आहे. मोटारीला नवा स्टार्टर बसवायचा तर शेजारच्या स्टार्टरवरचं सेटिंग बघायचं आणि तसंच करायचं. आजवर कधी चुकलं नाही. मी शेजारचं कार्ड बघितलं. टोपी पाचवर. नव्याचीही पाचवर केली. साहेबांच्या केबिनमध्ये आकडे दिसायला लागले.

घंटाही तपासली. टेस्टचं बटन दाबून धरायचं आणि घंटेची वाट बघायची. एका हातानं बटन धरलं, दुसऱ्या हातानं तंबाखू-चुन्याची डबी काढली. घंटा वाजली. ओके.

शेषरावनं सही केली त्या दिवशी मला रागच आला होता. माझ्या घंटेला नाव ठेवतो म्हणून. वायरिंग बराबर आहे हे दाखवायचं म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळ घेऊन बटनापाशी गेलो.

पहिल्यांदा चाळीस सेकंद लागले. मला वाटलं घड्याळ चुकलं. दुसऱ्यांदा बारा. तिसऱ्यांदा पंचावन्न.

पूर्ण वायर तपासली. एकही जोड ढिला नव्हता. मग फोन केला.

मॅडम आल्या. स्क्रीनवर एक यादी काढली. कोणत्या लाइनवर कोणाची हाक किती वेळा आली, त्याचा हिशेब कर्नल ठेवतो. पाचसमोर नेटवर्क कार्डाचं नाव आणि भला मोठा आकडा. पंपाच्या कार्डाचं नाव यादीत कुठंच नव्हतं.

"काका, नेटवर्कचं कार्ड कुणी बसवलं?"

"मी."

"पाचवर?"

"शेजारी पाचच होतं."

त्यांनी यादीतल्या पाचवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "कॉम्प्युटर चालू होताना ते कार्ड आधी उठतं. पाच नंबर त्यानं घेतला. पंपाच्या कार्डाला लाइनच मिळाली नाही. लाइन मिळाली नाही तर मिनिटाला एकदा जाऊन बघून ये, असं प्रोग्राममध्ये मीच लिहिलं होतं. अजिबात न वाजण्यापेक्षा उशिरा वाजलेली बरी म्हणून."

म्हणजे मुकादमाला हाक ऐकूच जात नव्हती. तो मिनिटाला एक चक्कर मारत होता. चक्कर नुकतीच होऊन गेली आणि पंप बंद पडला, तर पुढची चक्कर येईस्तोवर घंटा गप्प.

कॉम्प्युटर बंद करून टोपी मी काढली. नेटवर्कचं कार्ड दहावर नेलं. मॅडमनी सेटिंगमध्ये दहा लिहिलं, कॉम्प्युटर परत एकदा बंद करून चालू केला. यादीत पाचसमोर पंपाचं नाव आलं. बटन दाबलं. बोट उचलायच्या आत घंटा.

दहा मिनिटांचं काम.

तसाच साहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "शेषरावनं स्वतः लिहून दिलंय. कागद मालकाकडं गेला, दुसरा माणूस पण ठेवला. आता कशाला उकरता?" मी पान मागितलं, माझ्या हातानं चार ओळी लिहिल्या. चूक माझी, शेषराव जागा होता. साहेबांनी ते पान ड्रॉवरमध्ये टाकलं. मला कुणी काही बोललं नाही. भट्टीची वायरिंग माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. रिटायर होईपर्यंत त्या पानाबद्दल मला कुणी विचारलं नाही.

शेषराव अंबडला सासऱ्याच्या गावी गेल्ता. दोन महिने मी जातो जातो म्हणत गेलो नाही. मग एका रविवारी एसटी धरली. तो धान्याच्या मोंढ्यात एका अडत्याकडं पोत्यांची राखण करत बसला होता. डाव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पाच नंबर, दहा नंबर, चक्कर, सगळं.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता वाजती का येळेवर?"

"लगेच वाजते."

"मंग झालं. तिथं आता कोण हाय?"

"भोकरदनचा एक जण."

"त्याचा हात तरी वाचंल." पोत्यावरचं भुसकट झटकून त्यानं मला जागा केली, पण मी बसलो नाही. तो म्हणाला, "आप्पा, वायरिंग तुमची बराबरच होती, मला कुठं शंका होती? फकस्त त्या दिवशी म्हणायचं होतं, बघून सांगतो. मी सही केली नसती."

चहा घ्या म्हणाला. मी घेतला नाही. जल्दी आहे म्हणालो. जल्दी काहीच नव्हती, परतीची गाडी दोन तासांनी होती. स्टँडवर बसून राहिलो.

या धंद्यात नवी पोरं येतात ती मला विचारतात, आप्पा, काही सांगा. मी दोनच गोष्टी सांगतो. घंटा तपासायची तर हातात घड्याळ घ्या, तंबाखू नको. आणि कुणी विचारलं तर आधी म्हणा, बघून सांगतो.