मुका झालेला कॉम्प्युटर आणि गौतमी

गौतमीला जन्मापासून दिसत नाही. शिरूरच्या आमच्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला ते आठवडाभर कळत नाही. नळाला पाणी आलं की हिचा हंडा सगळ्यांच्या आधी, आणि भाजीवाल्याची जुडी नुसती चाचपून "कालची मेथी हाय ही, मामा" म्हणून परत.

पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला महिनाभर कामावर ठेवून बघायचं कबूल केलं होतं. त्यांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे, टाइप करायचे, पाचच्या आत पाठवायचे. एकदा जरी उशीर झाला, तरी काम दुसरीला. पडद्यावर काय आहे ते एक प्रोग्राम गौतमीला वाचून दाखवतो. पण त्याला स्वतःचा गळा नाही. विंडोजमध्ये असलेल्या आवाजांवरच तो बोलतो.

महिना संपत आला होता. दुपारी तिचा फोन आला, "वहिनी, जरा या. वाचायला माणूस पायजे. लवकर."

गेले तर पडदा व्यवस्थित चालू आणि कॉम्प्युटर मुका.

आवाज पेशंटची नावं वेडीवाकडी वाचतो म्हणून तिने व्हिडिओ ऐकून रजिस्ट्री उघडली होती. विंडोजच्या सगळ्या सेटिंग जिथे नोंदलेल्या असतात, ती जागा. तिथून तो एकच आवाज काढायचा होता. ती चुकून एक पायरी वर, सगळ्या आवाजांच्या नोंदीवर होती आणि तिथेच तिने डिलीट दाबलं. रिस्टार्ट केल्यावर सगळेच आवाज गेले. कॉम्प्युटरमधलं कळणारा तिचा भाऊ रांजणगावच्या कंपनीत, त्याचा फोन गेटवर जमा.

दारात सोजरबाई, तिची आई, तोंड सोडून उभी. "चांगलं बोलत हुतं की! नावं वाकडी घेत हुतं तर घेऊ द्यायची. तुझ्या बानं मला जलमभर 'अगं ए' म्हनून हाक मारली, मी काय त्याला काढून टाकला?"

"आये, थांब जरा."

"तू ऐकून सांग, मी टाइप करते," मी म्हटलं.

"मग काम बी तुमालाच लागंल, वहिनी. तुमी फक्त वाचा. बटणं मी दाबते."

डिलीट करण्याआधी तिने जुन्या सेटिंगची एक फाइल काढून ठेवली होती. ती सापडली, पण शेजारी तसलीच आणखी एक होती.

"एक मोठी आहे, दिवाळीतली. आजची अगदीच छोटी दिसते गं. मोठीच घेऊ या का?"

"नको! ती जुन्या कॉम्प्युटरची हाय. ती हितं घातली तर आवाजाबरोबर हा कॉम्प्युटर बी बंद पडंल. आजचीच घ्या."

"पण एवढ्याशा फाइलमध्ये सगळं असेल?"

ती बाणाचं बटण दाबत राहिली. मी "खाली, अजून एक खाली, हां" म्हणत गेले. तिने एंटर दाबलं आणि एक चौकट उघडली.

"काय म्हणतंय?"

मी वाचलं. ही माहिती घातल्याने काही गोष्टी बदलतील, पुसल्या जातील, काही भाग नीट चालणार नाहीत. कुठून आली याचा भरवसा नसेल तर घालू नका. नक्की पुढे जायचं का?

"मी कुठल्या बटणावर हाय?"

"नो वर."

तिने टॅब दाबलं. "आता?"

"यस."

बोट एंटरवर टेकलेलं, पण दाबेना. चार वाजायला आले होते.

"गौतमी, भाऊ येईपर्यंत…"

"तो सातला येतो, वहिनी." आणि तिने दाबलं.

मग तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. पडद्यावर सगळी चित्रं आली. आवाज नाही. सोजरबाईने पदर तोंडाला लावला. मी "थांब, अजून…" म्हणत होते, तेवढ्यात यंत्र खरखरत म्हणालं, "डेस्कटॉप."

"आलं गं बाई!" सोजरबाई ओरडली.

"गप बसा!" गौतमीने दोन्ही हात वर केले. "बाहेर जा दोघी. तुमच्या गलक्यात मला त्याचं ऐकू येत न्हाई."

आम्ही पायरीवर जाऊन बसलो. आतून कीबोर्डची टकटक आणि त्या यंत्राची भरभर बडबड. मध्येच एकदा दोन्ही थांबल्या. सोजरबाईने माझं मनगट धरलं. पुन्हा टकटक सुरू झाली तरी सोडलं नाही.

पाचला दोन मिनिटं असताना गौतमी बाहेर आली, "गेले रिपोर्ट," एवढंच म्हणाली आणि आमच्यात बसली. आईने हातात चहा दिला. तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या फोनने डॉक्टरीणबाईंचा मेसेज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचला, "फाइल मिळाल्या. पुढच्या महिन्याचे पहिले रिपोर्ट सोमवारी सकाळी पाठवते."