ठरावाने मंजूर झालेला समुद्र

“जाधव, आपल्या गावाला बंदर आहे का?”

मुख्याधिकारी साहेबांनी हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडाशी चहाचा कप होता. अर्धा चहा शर्टावर गेला. नगरपरिषदेत रचना सहायक म्हणून तेव्हा माझी एकतीस वर्षं झाली होती. रचना सहायक म्हणजे रस्ता कुठून जाईल, बाग कुठे होईल, शाळेला जागा कुठली, हे गावाच्या नकाशावर मांडणारा माणूस. एवढ्या वर्षांत जालना जिल्ह्यात मला समुद्र कुठे आढळला नव्हता.

“नाही साहेब. बस स्टँड आहे.”

“ते कोरडं बंदर, ड्रायपोर्ट म्हणतात ते?”

“ते जालन्याकडे, साहेब. आणि तिथेही ट्रकच येतात.”

साहेबांनी एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे सरकवलं. ‘शहर पुनरुज्जीवन आराखडा’. मरगळलेल्या गावात जान कशी आणायची, याची ही योजना. पुण्याच्या एका कन्सल्टंटने ती आमच्यासाठी केली होती. मुखपृष्ठावर आमच्या गावाचं नाव अगदी बरोबर छापलं होतं. (ते इथे लिहीत नाही. पेन्शन चालू आहे.) पान सत्तेचाळीसपासून मात्र आमच्या गावात भरती-ओहोटी सुरू होत होती. होड्यांसाठी धक्का, लाटा बघत फिरायला फरसबंदी रस्ता, दुतर्फा नारळ आणि पर्यटकांना सूर्यास्त बघायला चौथरा. सूर्यास्त आमच्याकडे रोज होतो, तेवढा मुद्दा मी बरोबर धरला.

काय झालं असेल ते कळायला डोकं लागत नव्हतं. कन्सल्टंटने आधी कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या छोट्या शहराचा आराखडा केला असणार. तोच नाव बदलून आमच्या गळ्यात मारला. आम्ही वाचणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. माणूस अनुभवी होता.

कारण वाचायची आमची पद्धतच नव्हती. सभेत विषय पुकारायचा, एका सदस्याने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं आणि इतिवृत्तात लिहायचं, ‘सदर विषय वाचून दाखविला असे समजून सर्वानुमते मंजूर.’ हे ‘असे समजून’ आमच्याकडे फार जुनं आहे. त्या दिवशी आराखडा विषय क्रमांक अकरा होता आणि मागच्या हॉलमध्ये जेवणाची पानं मांडून झाली होती. सर्वानुमते समुद्र मंजूर झाला. मग मंडळी जेवायला बसली.

आता स्वतःचंही सांगतो. त्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर खाली कोपऱ्यात माझी छोटी सही होती. ‘तपासले’ म्हणून. मी तपासलं नव्हतं. एका दुपारीत दोनशे सह्या ठोकल्या होत्या. याची मला आजही लाज वाटते.

नुसता समुद्र कागदावर राहिला असता तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण त्याच्यासोबत नियमही आले होते. भरतीच्या रेषेपासून शंभर मीटर जागा मोकळी ठेवायची, तिथे धंदा करायचा नाही. आता भरतीची रेषा काढायची कुठे? कन्सल्टंटच्या माणसाला आमच्या नकाशावर एकच निळी रेघ सापडली. ती आमची नदी. ही नदी वर्षातले दहा महिने वाळूची असते आणि दर मंगळवारी त्या वाळूत बकऱ्यांचा बाजार भरतो. आराखड्याने बाजार उचलला आणि बायपासच्या पलीकडे, एकही झाड नसलेल्या माळावर नेऊन टाकला.

बाहेरच्या माणसाला वाटेल, चार किलोमीटरने काय बिघडतं? नदीत लिंबाची सावली होती, जनावरांना वाळूत खणलेल्या झिऱ्याचं पाणी होतं, बस स्टँड हाकेच्या अंतरावर होतं. बाजाराची जागा बदलली की गिऱ्हाईक एक-दोन मंगळवार शोधतं, तिसऱ्या मंगळवारी दुसऱ्या गावाला जातं. मग पुन्हा येत नाही.

“साहेब, पुन्हा सभेपुढे नेऊ. दुरुस्त करून घेऊ.”

“आणि सांगू काय? आपल्याला समुद्र नाही, हे आत्ता लक्षात आलं?” साहेब म्हणाले. “वरून तांत्रिक मंजुरीसुद्धा आली आहे.”

म्हणजे वरही कुणी वाचलं नव्हतं. मला उगाच थोडं बरं वाटलं.

कन्सल्टंटला फोन लावला. तो म्हणाला, “सोपं आहे सर. कॉम्प्युटरवर ‘समुद्र’ शोधा आणि सगळीकडे ‘नदी’ टाका.” तसंही करून पाहिलं. ‘नदीला उधाण आले असता खलाशांनी धक्क्यावर थांबावे,’ असं वाक्य तयार झालं. साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, “राहू द्या आहे तसं. हरकती मागवा. कोण वाचतंय?”

हरकत म्हणजे लेखी आक्षेप. आराखडा पक्का करण्याआधी तो तीस दिवस लोकांसाठी ठेवावा लागतो, ज्याला पटत नाही त्याने लिहून द्यायचं. आम्ही पुस्तक व्हरांड्यातल्या टेबलाला सुतळीने बांधून ठेवायचो, चोरीला जाऊ नये म्हणून. तोवरच्या अनुभवात अशा पुस्तकांवर फक्त चहाचे कप ठेवले गेले होते.

या वेळी दोन बायका आल्या. गयाबाई आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीकडची. घर मूळचं मेंढरं राखणारं, आता थोडी शेती आणि बकऱ्यांचा व्यापार. घरचा कर्ता माणूस तीच. सोबत बारावी झालेली सून, सविता. सून टेबलाशी उभी राहून मोठ्याने वाचायची, सासू भिंतीला टेकून ऐकायची. सलग तीन दिवस. पहिल्या दिवशी मी शेजारून जात होतो.

“साहेब, भरती म्हंजे काय हो?” गयाबाईने विचारलं.

“समुद्राचं पाणी वर चढतं ते, मावशी.”

“मंग आपल्याकडं कवा येनार त्ये?”

मी घाईत असल्यासारखं दाखवलं आणि निघून गेलो.

हरकत एकच आली. सुनावणीला टेबलापलीकडे साहेब, कन्सल्टंट आणि लिहून घ्यायला मी. समोर सासू-सुना.

“बोला, काय हरकत आहे तुमची?” साहेब म्हणाले.

“समुद्राला माही बिलकुल हरकत न्हाई, साहेब. आनायचा तं जल्दी आना, टँकर तरी बंद व्हतीन.” गयाबाईने पदर सारखा केला. “पन बाजार हलवू नका. माळावर गिऱ्हाईक येत न्हाई. बाजार गेला तं आमी इकावं कुठं आन खावं काय?”

“मावशी, नियमच आहे. किनाऱ्यापासून शंभर मीटर धंदा करता येत नाही.”

“बराबर. सविते, पुढचं वाच.”

सविताने वही काढली. तिने पानच्या पान उतरवून घेतलं होतं. “पान एक्काहत्तर. ‘किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या व्यवसाय करणाऱ्या स्थानिकांना हा नियम लागू नाही. त्यांना आहे त्याच जागी सावली, पाणी व ओटे करून द्यावेत.’”

कन्सल्टंट खुर्चीत पुढे सरकला. “ते मच्छीमारांसाठी आहे.”

“मच्छीमार कुठं लिवलंय त्याच्यात? दाखवा.” गयाबाईचा आवाज चढला. “माह्या आजसासऱ्यापासून आमी तिथं बकऱ्या इकून राह्यलो. तुमीच म्हन्ता, थो किनारा हाये. मंग आमी किनाऱ्यावरचे झालो. आन किनारा नसंल, तं शंभर मीटर कुठून मोजून राह्यले तुमी?”

साहेब माझ्याकडे वळले.

“जाधव, हे पान तुम्ही तपासलं होतं ना?”

नाही म्हणालो तर माझी सही खोटी. हो म्हणालो तर जालना जिल्ह्यात किनारा असल्याचं मी शपथेवर सांगतो आहे. मी गयाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, तिचे डोळे सुनेच्या वहीवर होते.

“होय साहेब, तपासलं आहे,” मी म्हणालो. “यांना लागू होतं.”

मीच निर्णय लिहिला. ‘अर्जदार या किनाऱ्यावरील पारंपरिक व्यावसायिक असल्याने त्यांची जागा कायम ठेवण्यात येत आहे.’ साहेबांनी खाली सही केली. वाचून केली की नाही, ते मी विचारलं नाही.

बाहेर पडताना मी म्हणालो, “मावशी, कमाल केलीत. अख्खं पुस्तक वाचलंत.”

“आमी अडानी, साहेब,” ती चपला घालत म्हणाली. “आमाला समदं वाचून घ्याच लागतं. तुमी शिकलेले. तुमचं न वाचता भागतं.”

ती टोमणा मारत नव्हती. तिला तसंच वाटत होतं. मला ते फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

आराखडा पक्का झाला, बाजार नदीत राहिला. पुढच्या वर्षी ओटेही झाले. आराखड्याला ओट्यांचं ड्रॉइंग जोडलेलंच होतं आणि मंजूर ड्रॉइंग बदलायला आमचे इंजिनीअर साहेब काय वेडे होते? त्यांनी हुबेहूब बांधले, एका बाजूला उतार देऊन, मीठपाणी निथळायला. नगराध्यक्षांनी नारळ फोडून फलकावरचा पडदा ओढला. फलकावर लिहिलं होतं, ‘मासळी सुकविण्याचे ओटे’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी आता त्या ओट्यांवर बोकड उभे असतात. उंचावर जनावर उठून दिसतं, गिऱ्हाईक लांबून हेरतं, असं गयाबाई सांगते. तिचा धंदा बरा चालला आहे.

माझ्या जागी नवीन माणूस आला तेव्हा त्याने विचारलं, सर, काही सल्ला? मी म्हणालो, मंजूर झालेली चूक इथे कुणी दुरुस्त करत नाही. तिच्यात गरिबाला उभं राहायला जागा कुठल्या पानावर आहे, तेवढं शोधायचं. ते पान कधीच पहिलं नसतं.