पाव भाजेपर्यंत

सकाळच्या रोहा-पेण एसटीत ती माझ्या शेजारी बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात ती रंगकाम करायची. तिच्या आणि नवऱ्याच्या डब्यात काकडी-चटणीचं सँडविच असायचं. त्याचा पाव ती घरीच, कुकरमध्ये मिठावर भाजायची.

"एवढा खटाटोप कशाला? त्यापेक्षा भाकरी परवडली," मी म्हटलं.

"भाकरीपाशी उभं राहावं लागतं, ताई. पाव मंद गॅसवर ठेवला की मी परत आडवी होते."

गणपती जवळ आले तशी ती बसल्या बसल्या पेंगू लागली. काय झालं, विचारलं.

"सासू बोलली, मडमीण झालीस गो, माझ्या पोराला भाकरी कर. आता आधी उठून त्याच्या भाकऱ्या थापते, मग माझा पाव चढवते आणि आडवी होते."

"अगं, मग तूही भाकरीच ने. पाव सोडलास तर तेवढंच उशिरा उठता येईल. झोप तेवढीच होईल."

"झोपेचं नाय हो, ताई," तिने डोळे मिटले. "पाव भाजेपर्यंत मला कोण हाक मारत नाय. त्यांना वाटतं, मी कामात हाय."