चार किलोमीटर माती

टायरच्या दुकानात मालकाने दोन टायर माझ्यासमोर उभे केले. एकाच्या नक्षीत नख जेमतेम शिरत होतं, दुसऱ्याच्या खाचा बोटाच्या पेराएवढ्या खोल होत्या.

"साहेब, तुमचा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप डांबरावर किती चालतो आणि मातीत किती?"

मी गोंधळलो. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण हे कधी मनातच आलं नव्हतं. "जवळजवळ सगळा डांबरावरच," मी म्हणालो.

"आणि आईकडचा रस्ता?" माझी बायको, सुमन, म्हणाली.

सासूबाई डोंगरातल्या पाड्यावर एकट्या राहतात. शेवटचे चार किलोमीटर नुसती माती. गेल्या श्रावणात त्या तापाने फणफणल्या होत्या आणि आमची चाकं त्या चिखलात जागच्या जागी फिरत राहिली. सुमन गाडीतून उतरली आणि चालत निघाली. ती तिची पाठ मला अजून दिसते.

माणसाने रोजच्या वाटेची तयारी करावी, की वर्षातून एकदा अडवणाऱ्या वाटेची? मला खरंच कळेना. शेवटी मी खोल खाचांच्या टायरकडे बोट दाखवलं.

सुमनने लगेच आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. "आई, आता कितीही चिखल असू दे, गाडी दारापर्यंत येईल."

"अगं, रस्त्याला खडी येऊन पडलीय. डांबर टाकणार म्हणे."

"कधी?"

"ते कुणाला ठाऊक!"

मालक जॅक लावून थांबला होता. "मग, बसवू?"

"बसवा," सुमन म्हणाली. आणि माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "बसवायचे ना?"