उजेड आहे, चित्र नाही

दुकानात जुने रिमोट कसे साठतात ते कुणालाच कळत नाही. किश्शांचंही तसंच. घाटकोपरला माझं आणि सावंतचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि एका तक्रारीचा मी कायमचा धसका घेतलाय: पडदा उजळतो, आवाज येतो, पण चित्र नाही. म्हणजे बॅकलाइट ठणठणीत. बिघाड केबलमध्ये, बोर्डात, नाहीतर पॅनेलमध्ये. पण या तिन्हींपेक्षा मला घरातल्या माणसांची भीती जास्त वाटते.

मुलुंडच्या एका काकूंचा टीव्ही गणपतीपासून असाच होता. त्या रोज पांढऱ्या पडद्यासमोर बसून मालिका नुसती ऐकायच्या. मी आतली केबल दाबून बसवली आणि चित्र आलं. ज्या सुनेसाठी काकू इतके दिवस डोळे पुसत होत्या, ती नेमकी तेव्हाच सासूच्या दुधात काहीतरी कालवत होती. काकूंनी पदर तोंडाला लावला. "आवाजावरून किती गरीब वाटत होती हो!"

बोरिवलीत पॅनेलच्या खालच्या कडेला गंज दिसला. पाणी गेलंय का विचारलं, तर अख्खं घर नाही म्हणालं. फ्रेम काढली तर आत हळदकुंकू आणि झेंडूची पाकळी. दसऱ्याला मिक्सर, फ्रिज, टीव्ही सगळ्यांची पूजा झाली होती. मी हादरलोच. काकांनी मात्र मलाच समजावलं, "पाणी नाही, तीर्थ शिंपडलं. तेसुद्धा फुलाने." काचेवरून ओघळून ते पॅनेलच्या नाजूक पट्ट्यांत गेलं होतं. पॅनेल बाद.

चेंबूरला तर टीव्हीला थप्पड मारली की चित्र यायचं. लहानांची थप्पड फुकट जायची, म्हणून ते काम आजोबांकडे होतं. मी सैल केबल घट्ट केली, टीव्ही नीट चालू लागला. आजोबांनी उठून तरीही एक लगावली. चित्र गेलं.

सावंतचा किस्सा त्याच्यासमोर सांगत नाही. एकदा एका बाईंनी फोनवर हळू आवाजात पत्ता दिला आणि सावंत दुकानात असेल तेव्हाच या म्हणाल्या. मी पोचलो, तर दार सावंतच्या बायकोने उघडलं. "भाऊजी, घरचा टीव्ही बघा म्हणून ह्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

आणि विक्रोळीचा हा शेवटचा. एका खोलीचं घर, कोकणातली माणसं. नात बारावीला. तिचा बाप, म्हणजे आजीचा झील, कामावरून आला की मॅच लावायचा, आणि पोरगी ओट्याखाली कानात बोटं घालून अभ्यास करायची. आता चित्र नाही म्हणून बापाने मला बोलावलेलं. आजी सगळ्यात जास्त कावलेली. तिच्या मालिका बुडत होत्या, आणि मला ती सारखी लवकर कर म्हणत होती.

मागचं झाकण उघडलं आणि मी चरकलो. बोर्डावरची केबल निघालेली, तीही तिला धरून ठेवणारी कुलपाची बारीक पट्टी उचलून, हलक्या हाताने. आपोआप असं होत नाही. पोरीकडे पाहिलं, तर ती पुस्तकात मान घालून. हिनेच काढली, मला खात्री पटली. जोडायला एक क्षण लागला असता, आणि परीक्षा तोंडावर आलेली.

मी झाकण बंद केलं. बापाला म्हटलं, पॅनेल गेलंय, पार्ट यायला उन्हाळा उजाडेल. तो कपाळाला हात लावून बसला. आजीने मेल्या मेकॅनिकला काही येत नाही म्हणून माझा उद्धार केला, आणि मला घालवायला म्हणून जिन्यापर्यंत आली.

तिथे तिने मागे वळून दाराकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"परत जोडलंस नाय मा?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बरा केलंस. झील आयकना नाय माझा." मग तिने अंगठा माझ्यापुढे धरला. "ती पट्टी उचलताना नख मोडला रे माझा."