तुर्की परीक्षा आणि पहिली वेचणी

बोंडअळीची ती वर्षं. कापसाला भाव नव्हता, वेचायला बाया मिळत नव्हत्या. माझी नात रोज जीपने यवतमाळच्या कॉलेजात जायची आणि फोनवर तुर्की भाषा शिकत होती. परीक्षा पास झाली तर तुर्कस्तानातलं कॉलेज तिला फुकट शिकवणार होतं.

ती माझ्याजवळ बसून पाठ करायची. 'ओकु' म्हणजे वाच, शीक. आपल्या कानाला घाण वाटतं, पण त्यांचा शब्द तसाच आहे. त्याच्यामागे एकेक तुकडा जोडत जायचा. ओकुत, शिकव. ओकुतमा, शिकवू नको. ओकुतमादी, त्याने शिकवलं नाही. आणखी 'लार' जोडलं की, त्यांनी शिकवलं नाही. मागच्या स्वराप्रमाणे पुढच्या तुकड्याचा स्वरही बदलतो. तिथेच ती चुकायची. मी पुन्हा म्हणायला लावायची.

माझ्या मुलाने, तिच्या बापाने, पहिली वेचणी नेमकी परीक्षेच्या दिवशी ठरवली.

"पोरगी वावरात येईन," तो म्हणाला.

"तिची परीक्षा हाये."

"तुर्कस्तानातबी कापूसच हाये म्हणे, माय. तिथं वेचण्यापरीस इथंच वेचू दे."

नात रडायला लागली. मला तिचाही राग आला.

"रडून कोणाले दाखवतं? पाठ कर!"

आमच्याकडे वेचणीआधी सीतादही करतात. घरच्या थोरल्या बाईने कपाशीला दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिलं बोंड वेचायचं. त्याआधी कोणी कापसाला हात लावत नाही. माझ्या आजीने असाच नैवेद्य दाखवला आणि चौथीतून काढलेल्या मला ओळीत उभं केलं. ती नाही म्हणाली असती तर बापाची वेचणी अडली असती. पण ती तसं म्हणाली नाही.

सकाळी मी दहीभाताचं गंज मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले.

"माय, बाया वावरात उभ्या हायेत!"

"राहू दे उभ्या. पोरीले जीपमध्ये बसवून ये, मंग मी उठीन."

"लोक हसून राह्यले ना!"

"तुले हसून राह्यले. मले नाई."

ऊन चढलं. वावरातून एक बाई बघायला आली. "बुढी अडली वाटते! दही आंबून जाईन, आजी."

"आंबू दे."

शेवटी त्याने शिव्या देत मोटारसायकल काढली आणि नातीला मागे बसवलं. तो परत आल्यावरच मी वावरात गेले, नैवेद्य दाखवला आणि नातीची ओळ धरली. आमच्याकडे पुरुष कापूस वेचत नाहीत. तो बांधावर उभा राहून कुरकुरत होता.

"पास झाली तं जाईनच ते. मंग पुढच्या साली कोण वेचीन?"

"तू वेच," मी म्हटलं.