हॉलची किल्ली सुकदेवआप्पांकडे

सुकदेवआप्पांना हळू बोलता येत नाही. पस्तीस वर्षं त्यांनी पॉवरलूमच्या कारखान्यात काढली. त्या खडखडाटात कान अधू झाले आणि आवाज चढला तो कायमचा. बायकोकडे, पुष्पाबाईंकडे, त्यांनी चहा मागितला, तरी समोरच्या बिल्डिंगीतल्या बायकांना कळतं. पारोळ्याजवळच्या गावातून ते विसाव्या वर्षी सुरतेला आले. काम सुटल्यावर तिथल्याच नवागाम भागातल्या खानदेशी मंडळाचा हॉल सांभाळू लागले. झाडलोट, पाणी, किल्ली, सगळं त्यांच्याकडे.

मागच्या जानेवारीत एका बुधवारी सकाळी ते दूध आणायला निघाले, तर रेल्वेच्या भिंतीलगत माणसं रस्त्यावर बसलेली. दाहोदकडून बांधकामाच्या मजुरीला आलेल्या सात कुटुंबांची पालं तिथे होती. अतिक्रमण हटवणारी गाडी येऊन पालं मोडून, सामान उचलून घेऊन गेली होती. रमिलाबेन नावाची बाई मळलेल्या पिठाची परात मांडीवर घेऊन बसली होती. आप्पांनी विचारलं, आता कुठे जाणार? ती म्हणाली, रात्रीच्या निवाऱ्यात जा म्हणतात, पण तिथे पुरुष वेगळे, बायका वेगळ्या. मुलांची शाळाही लांब पडणार. ते नंतर बघू, आधी चूल कुठे मांडायची ते ठरवायचंय.

आप्पा तसेच मंडळाचे अध्यक्ष हेमराजभाऊ यांच्याकडे गेले. भाऊ गल्लीत नळावर पाणी भरत होते. आप्पांना हे एकट्या भाऊंच्या कानावर घालायचं होतं, म्हणून ते अगदी जवळ गेले आणि आपल्या मते कुजबुजले. सात घरं रस्त्यावर आहेत आणि आपला हॉल रिकामा आहे, हे सगळ्या गल्लीने ऐकलं. नळावरची भांडी थांबली.

भाऊ माणूस वाईट नव्हते. हॉल समाजाच्या वर्गणीतून उभा राहिलेला, उद्या लोकांना जाब त्यांनाच द्यावा लागणार. शिवाय रविवारी तिथे त्यांच्याच मुलीचा, वर्षाचा, साखरपुडा होता. हे सगळं त्यांनी आप्पांना हातवारे करून समजावलं. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाले, "आपनबी असाच उनूत ना सुरतले, भाऊ."

दोघेही असेच, एकाच वर्षी सुरतेला आले होते. खोली मिळेपर्यंत दोन महिने कारखान्यात कापडाच्या ताग्यांवर झोपले होते. एका अनोळखी मुकादमाने झोपू दिलं होतं. भाऊंनी भरलेली घागर बाजूला ठेवली. तेवढ्यात वर गॅलरीतून वर्षा म्हणाली, "पप्पा, आज बुधवार आहे. रविवारला वेळ आहे."

भाऊंनी नळ बंद केला. म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच आहे ना? मग उघडा."

दुपारपर्यंत हॉलमध्ये कुणाच्या गोधड्या आल्या, कुणाची शेगडी. कोपऱ्यावरचा भटू दोन दिवस दारातल्या चपलांवरून कुरकुरला. तिसऱ्या दिवशी त्यानेच बाथरूमचा गळका नळ बदलून दिला, तोही कुरकुरतच.

वर्षाने सामान परत मिळावं म्हणून अर्ज लिहिला. तो घेऊन आप्पा रमिलाबेनबरोबर महापालिकेच्या जप्त सामानाच्या गोदामावर गेले. टेबलामागच्या साहेबांनी त्यांना शांतपणे बोलायला सांगितलं, तेव्हा शांतपणेच बोलतोय, असं त्यांनी पुढच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. सामान लगेच शोधायला घेतलं गेलं. चौघांची गाठोडी सापडली, त्यात रमिलाबेनची पेटी आणि आधार-रेशनची कार्डंही. तिघांचं काहीच मिळालं नाही.

शनिवारपर्यंत पाच कुटुंबांना बमरोलीत भाड्याने खोल्या मिळाल्या. घरमालक अनोळखी माणसांना खोली देईनात, म्हणून मंडळाची माणसं ओळख द्यायला सोबत गेली होती.

रविवारी दोन कुटुंबं उरली, त्यात रमिलाबेनचं एक. पाहुणे येण्याआधी ती सामान घेऊन गच्चीवर जाऊन बसली. वर्षाने वर जाऊन सगळ्यांना खाली आणलं. नवऱ्या मुलाची आई सुरतेतल्याच कतारगामची. साध्या कपड्यांतली ती माणसं दाराशी उभी बघून तिने विचारलं, ही कोण?

"आमचे पाहुणे आहेत," हेमराजभाऊ म्हणाले, आणि रमिलाबेनसाठी स्वतः खुर्ची ओढली.

पुढच्या आठवड्यात रमिलाबेनला खोली मिळाली. दुसरं कुटुंब दाहोदला परत गेलं. त्यांचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मंडळाच्या बैठकीत दोन तास वाद झाला आणि ठरलं, की आसपास कुणाचं घर असं मोडलं तर आठ दिवस हॉल त्यांचा.

होळीला दाहोदची माणसं गावी जातात. रमिलाबेन निघताना आपल्या मुलीला पुष्पाबाईंकडे ठेवायला घेऊन आली. मुलीची परीक्षा होती. पुष्पाबाईंनी तिचं अंथरूण आपल्या खाटेशेजारी घातलं, आणि पुस्तकं गुजरातीत निघाल्यामुळे शिकवणीला तिला गुजराती वाचता येणाऱ्या वर्षाकडे धाडलं.